डिंक, पान आणि पत्ता : हातच्या शुभेच्छापत्रांचे वाचन

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तिथून मराठी दिवाळी अंकाचा इतिहास मोजला जाऊ लागला. त्या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. कथा-कवितांवर लिहिले गेले, तसे मुखपृष्ठांवर, व्यंगचित्रांवर आणि जाहिरातींवरही. परंतु त्याच दिवसांत, त्याच घरांतून आणखी एक साहित्य तयार होत होते. त्याची आवृत्ती एका प्रतीची असे आणि वाचकही बहुधा एकच. कार्डशीट दुमडून, काहीतरी कापून, काहीतरी चिकटवून, आत दोन ओळी लिहून ते पाकिटात जाई. पाकीट न चिकटवता उघडे ठेवले की बुक-पोस्टाने कमी पैशांत जात असे, म्हणून पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत कुणालाही ते काढून पाहता येई. या शुभेच्छापत्रांची आणि त्यांच्याच जातीच्या चिकटवलेल्या वह्यांची आपल्या समीक्षेने दखल घेतलेली नाही. 'हस्तकला' किंवा 'छंद' असे म्हटले की वाचण्याची जबाबदारी संपते, असा आपला समज दिसतो.

शुभेच्छापत्र ही परकी वस्तू, आपण ती इंग्रजांकडून उचलली, असे सहज म्हटले जाते. छापील पत्राबाबत ते खरे आहे. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे कार्ड काढून घेतले आणि ते छापून विकले. आपल्याकडे पाव आण्याचे पोस्टकार्डच मुळी १८७९ मध्ये आले. पण कागदाला एखादी वस्तू लावून निरोप सांगण्याची रीत आपल्याला कुणी शिकवावी लागली नाही. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेले असते. मृत्यूची बातमी देणाऱ्या पत्राचा कोपरा फाडलेला असे. निरक्षर माणसालाही पत्र हातात पडताच मजकूर कळायचा. अक्षरे नंतर कुणीतरी वाचून दाखवी. संक्रांतीला हलव्याचे चार दाणे इवल्याशा पाकिटात घालून पाठवत. दसऱ्याला परगावच्या माणसाला पत्रातून आपट्याचे पान जाई.

या आपट्याच्या पानाशी मला जरा थांबायचे आहे. त्याची दोन दले मधल्या शिरेवर जोडलेली असतात आणि ते तिथेच दुमडते. म्हणजे निसर्गानेच घडी घालून दिलेले हे कार्ड. त्याच्यावर काही लिहिलेले नसते, तरी त्याचा अर्थ ठरलेला असतो : हे सोने आहे, घ्या. पोहोचेपर्यंत ते वाळून तपकिरी होते, कडा मोडतात. सोने म्हणून पाठवलेली वस्तू वाटेत कचरा होत जाते आणि घेणारा ती सोने म्हणूनच घेतो. हातच्या शुभेच्छापत्राचे सगळे शास्त्र मला या पानात दिसते. वस्तू साधी असते. ती कुणी, कुणाला आणि कोणत्या दिवशी दिली, यावर तिचे मोल ठरते. म्हणून असे पत्र वाचताना चित्राइतकाच पाकिटावरचा पत्ताही पाहावा लागतो. बहुतेक संग्राहक पाकीट फेकून कार्ड ठेवतात. ही पानावरून देठ खुडून फेकण्यातली गत आहे.

चिकटवण्याच्या कलेचा आपल्याकडचा दुसरा धागा देवघरातून येतो. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या आणि काही घरांत त्यांच्यावर पुन्हा काम झाले. लक्ष्मीच्या साडीवर खऱ्या कापडाची साडी चिकटवली गेली, काठांना जर लागली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी आले. चेहरा, हात आणि पाय तेवढे छापील राहिले. अशी सजवलेली चित्रे आज संग्राहक चढ्या भावाने घेतात आणि खाली चित्रकार म्हणून रविवर्म्याचे नाव लिहितात. साडी नेसवणाऱ्या हाताचे नाव कुठेच नसते. यातले काही काम कारागिरांनी विक्रीसाठी केले आणि काही घरातल्या बायकांनी. दोन्हींमधला फरक थोडे पाहिले की कळतो. कारागिराची साडी रेषेबाहेर जात नाही. घरातल्या बाईची साडी मूळ साडीपेक्षा घेरदार असते आणि पुष्कळदा तिचा रंगही बदललेला असतो, कारण ते कापड तिच्याच एखाद्या जीर्ण लुगड्याचे असते. तंजावरच्या मराठ्यांच्या दरबारात सोन्याचा वर्ख आणि खडे बसवून देवांची चित्रे होत. ते राजाश्रयाचे काम. इथे तोच विचार एका घराच्या ऐपतीत बसवलेला आहे. छापून आलेल्या, सगळ्यांच्या सारख्याच असलेल्या लक्ष्मीला ती बाई आपल्या घरची करून घेते. छापील युगातली ही घरगुती टीकाच आहे, असे मी म्हणेन. तिच्याकडे शब्द नव्हते, कात्री होती.

तिसरा धागा शाळेचा. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला गेला. त्याच वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योग संघ होता आणि हातकागदाचे प्रयोग चालले होते. पुण्याची हातकागद संस्था १९४० ची. नंदलाल बोस यांनी हरिपुरा काँग्रेससाठी जी चित्रे केली तीही हातकागदावर. पुढे कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ या काळात 'कार्यानुभवा'ची शिफारस केली आणि महाराष्ट्रातल्या शाळांच्या वेळापत्रकात त्या नावाचा तास आला. गांधी, कुमारप्पा आणि कोठारी यांच्या विचारांचे शेवटी वर्गात काय झाले, तर भेंडीचे ठसे, दोराचित्र, दात घासायच्या जुन्या ब्रशने उडवलेले रंग आणि नव्या वर्षाचे शुभेच्छापत्र. हे मी चेष्टेने म्हणत नाही. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी आयुष्यात जाणीवपूर्वक केलेली एकमेव कलाकृती म्हणजे ते कार्ड असेल.

त्यातली बहुतेक कार्डे वाईट होती, हेही सांगितले पाहिजे. दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, एक नारळाचे झाड, खाली चमकी. भंडारा जिल्ह्यात तलाव आणि बोड्या पावलोपावली, पण नारळ किती? तरी नारळ असायचाच, कारण तो बाजारातल्या कार्डावर होता. एकाच शाळेतली तीस कार्डे शेजारी ठेवली तर तीस नारळ मोजता येतात. ही नक्कल आहे आणि तिला 'निरागस' म्हणून सूट देऊ नये. मुलांवर दया करणारी समीक्षा मुलांच्या कामाकडे पाहतच नसते.

पण ज्या शिक्षकांनी रंगपेटी सर्वांना परवडत नाही म्हणून 'गावात जे मिळेल ते आणा' असे सांगितले, त्यांच्या वर्गातली कार्डे वेगळी निघाली. आमचा मुलूख धानाचा. दिवाळीच्या आगेमागे हलके धान कापले जाते, पुढे मळणी होते, आणि नव्या वर्षाची कार्डे करायच्या वेळी तणसाला तोटा नसतो. तणसाची काडी भिजवून, उभी चिरून, गरम इस्त्रीने दाबली की चकचकीत पट्टी मिळते. इस्त्री जास्त वेळ ठेवली तर ती पट्टी बदामी होते, आणखी ठेवली तर तपकिरी. म्हणजे रंग न वापरता तीन छटा. मोहाडी-आंधळगावकडच्या मुलांकडे कोसा असे. किड्याने पोखरलेला किंवा धागा काढून उरलेला कोष आडवा कापला की वाटीसारखी पाकळी होते. तिचा वाळक्या मातीचा रंग कुठल्याही कार्डशीटवर उठून दिसतो. बिड्यांच्या बंडलावरची लेबले तर घराघरांत. तिरोडा-तुमसरच्या बाजूची काही जुनी कार्डे मी पाहिली आहेत. त्यांत एका मुलाने विडीच्या लेबलातला फक्त लाल पट्टा कापून त्याचा आकाशकंदील केला आहे. कंदील लहान आहे, कोपऱ्यात आहे, आणि बाकीचे कार्ड त्याने कोरे सोडले आहे. त्या कोऱ्या जागेचा अंधार होतो. नारळवाल्या एकोणतीस मुलांपेक्षा या मुलाने निराळे काय केले? त्याने चिकटवलेली वस्तू तिथे असणे भाग होते. ती काढून तिथे रंगाने कंदील रंगवला असता तर कार्ड मेले असते. चिकटकामाची माझी पहिली कसोटी हीच आहे : वस्तूच्या जागी चित्र चालले असते का? चालले असते तर डिंक वाया गेला.

ही कसोटी फक्त आपल्यापुरती नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाच्या बाईंनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी रंगीत कागद कातरून फुले चिकटवायला सुरुवात केली. दहाएक वर्षांत जवळजवळ हजार फुले झाली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिच्या कागदी फुलांत मध्येच कुठेतरी एखादे खरे पान असते. कागदाचे पान उत्तम कापता येत असताना ते खरे पान कशासाठी? मला वाटते, एका खऱ्या पानाने शेजारच्या सगळ्या कागदी पानांना साक्ष मिळते.

आता एका वहीकडे येतो. ती पवनी तालुक्यातल्या एका बाईंची आहे. त्या हयात नाहीत. घरच्यांनी वही पाहू दिली, लिहायला परवानगी दिली, आणि नाव-गाव नको असे सांगितले. ते मी पाळतो. वही मुळात दुकानाची लांब खतावणी. उधारीचे आकडे भरून झाल्यावर ती रद्दीत जायची, ती बाईंनी मागून घेतली. त्यात पाककृती आहेत, भुलाबाईची गाणी आहेत, लुगड्यांना लावलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या आहेत, एस.टी.ची तिकिटे आहेत, आगपेट्यांवरची चित्रे आहेत, कोशाच्या धाग्याची एक गुंडी आहे. बहुतेक पाने नुसता साठा म्हणावीत अशी. सगळीच पाने थोर आहेत असा माझा दावा नाही.

एक पान मात्र मी कितीदा पाहिले असेल. त्यावर अकरा गणपती आहेत. सगळे लग्नपत्रिकांतून कापलेले. पत्रिका जुनी झाली की फेकावी लागते, पण वरचा गणपती कसा फेकणार? देवाचे चित्र पायदळी येऊ नये म्हणून तेवढे कापून घ्यायचे आणि वहीत लावायचे. युरोपातल्या चित्रकारांनी वर्तमानपत्रांचे तुकडे कॅनव्हासला चिकटवले, तेव्हा त्यांना चित्राची प्रतिष्ठा मोडायची होती. इथे उलट आहे. प्रतिष्ठा मोडू नये म्हणून कात्री चालली आहे. आपल्या घरगुती कोलाजची जननी मौज नसून हा संकोच आहे, आणि कोलाजचा आयता इतिहास भाषांतरित करून आपल्याला लावणाऱ्यांच्या नजरेतून तो सुटतो.

प्रत्येक गणपतीखाली पेन्सिलीने नाव आहे : अमकीचे लग्न, तमक्याचे लग्न. अकरांपैकी नऊ जणांच्या खाली नाव आहे, दोघांच्या नाही. बाईंना आठवले नसेल, किंवा लिहायचे नसेल. गणपती कापताना पत्रिकेच्या रंगीत कागदाची कड त्यांनी मुद्दाम ठेवली आहे. त्यामुळे पानावर गुलाबी, पिवळे, केशरी असे अकरा तुकडे झाले आहेत आणि त्यांच्या फटींतून उधारीचे आकडे दिसतात. पानाच्या उजव्या हाताला एका रकमेवर काट मारलेली आहे. तिथे गणपती लावलेला नाही, जागा सोडली आहे. ही जागा का सोडली, ते मला ठरवता येत नाही. ती रक्कम फिटली म्हणून? की तिथे बारावा यायचा होता? अकरा लग्ने आणि त्यांच्या खालून जाणारा हिशेब, एवढे मात्र पान स्पष्ट सांगते. आहेर, उसनवारी, मुलीचे लग्न आणि दुकानाची उधारी यांचे नाते आपल्या ग्रामीण कथांनी पानेच्या पाने खर्चून सांगितले. इथे ते एकावर एक ठेवलेल्या दोन कागदांत आहे.

यावर एक आक्षेप मला अपेक्षित आहे. बाईंनी हे ठरवून केलेले नाही, अर्थ तुम्ही लावता. तर मग प्रभाकर बरव्यांच्या वह्यांचे काय करायचे? बरव्यांनी वर्षानुवर्षे वह्यांत टिपणे, रेखाटने, एखादे पान, एखादी आकृती आणि शेजारी विचार असे मांडत नेले. त्यातून 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० मध्ये आले. २०१९ च्या मुंबईतल्या मोठ्या प्रदर्शनाने त्या वह्यांकडे पुन्हा लक्ष वेधले. मराठीत 'कला-रोजनिशी' म्हणून दाखवावे असे याहून चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही. पण बरव्यांच्या वह्या आपण वाचतो त्या त्यांच्या चित्रांकडे जायची वाट म्हणून. पान, घड्याळ, शिंपला वहीतून कॅनव्हासवर कसे गेले, हे आपण शोधतो. पवनीच्या बाईंच्या वहीपुढे कॅनव्हास नाही. वही हाच मुक्काम. म्हणून हेतूचा पुरावा पुढच्या कामात शोधण्याची सोय तिथे नाही. तो पानातच शोधावा लागतो, आणि रंगीत कडा राखण्यात, एक जागा सोडण्यात तो मला पुरेसा दिसतो. बरव्यांशी बरोबरी करण्याचा माझा इरादा नाही. चित्रकाराच्या वहीला जी सावकाश नजर आपण देतो, तेवढी मी मागतो आहे.

नजरेचा प्रश्न आनंदवनाच्या शुभेच्छापत्रांबाबत अधिक अवघड होतो. वरोऱ्याचे आनंदवन आमच्यापासून फार लांब नाही. तिथे तयार होणारी हातची कार्डे विदर्भातल्या कित्येक घरांत येत आली आहेत. घेणारा ती कशासाठी घेतो? 'कुष्ठमुक्तांनी, अपंगांनी केलेले' म्हणून. कार्ड उलटून मागची ओळ वाचतो, हळहळतो आणि पाठवतो. पुढची बाजू पाहिली जातेच असे नाही. बाबा आमट्यांचा सगळा आग्रह याच्या विरुद्ध होता : दान नको, काम हवे, आणि कामाचे मोल कामासारखे व्हावे. मग आपण त्या कार्डांकडे काम म्हणून पाहायला हवे. सुकलेल्या गवताचे आणि पानांचे देखावे केलेली जी कार्डे माझ्याकडे आहेत, त्यांतली काही सरधोपट आहेत. तीच झोपडी, तीच वाट. काहींत मात्र गवताचे तुरे पाटीसारख्या काळ्या कागदावर असे टेकवले आहेत की वारा कुठून येतो ते कळते. देखावा लावायचा तर वाऱ्याची दिशा ठरवावी लागते; ज्याने ती ठरवली तो कलावंत, त्याची बोटे कितीही असोत. सरधोपट कार्डाला सरधोपट म्हणण्याची हिंमत असेल, तरच या दुसऱ्या कार्डाला चांगले म्हटल्याला काही किंमत राहते.

गेल्या काही वर्षांत 'आर्ट जर्नल'ची लाट आपल्या तालुक्यांपर्यंत आली आहे. रंगीत चिकटपट्ट्या, तयार ठसे, कातरलेली फुले असे सगळे पाकिटात मिळते. कॉफीत बुडवून जुनाट केलेला कागदही मिळतो, आणि यावर मला हसू येते. ज्या जिल्ह्यात अस्सल जुन्या खतावण्या किलोने विकल्या जातात तिथे आपण जुनेपणा विकत आणतो. पाकिटातल्या सामानाची पाने देखणी होतात आणि एकमेकांसारखी होतात. तो पुन्हा नारळच, फक्त परदेशातला. तरीही ही लाट मी मोडीत काढणार नाही. एका महाविद्यालयीन मुलीचे पान मी पाहिले, त्यात तोच कॉफीचा कागद होता आणि त्यावर आजोबांच्या शेताच्या सातबाऱ्याची झेरॉक्स. जमीन गोसीखुर्द धरणात गेलेली. वैनगंगेवरच्या या प्रकल्पाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले, म्हणजे मुलीच्या जन्माच्या बऱ्याच आधी. तिने ते शेत पाहिलेले नाही. झेरॉक्सवर तिने काठावरची माती डिंकात कालवून लावली आहे, अशी की सातबाऱ्यावरचे नाव वाचता यावे आणि क्षेत्राचा रकाना झाकला जावा. खोटा जुनाट कागद आणि खरी माती यांची गाठ घालताना तिला आपण काय करतो ते पक्के ठाऊक होते. माझ्या कसोटीला हे पान पुरेपूर उतरते.

शेवटी टिकण्याचा प्रश्न. दिवाळीची साफसफाई या साहित्याच्या मुळावर येते. माळ्यावरून शाळेचे हस्तलिखित, कार्डांचा जुडगा, चिकटवलेली वही खाली येते आणि रद्दीवाला दारात उभाच असतो. छापील दिवाळी अंकाला वाचनालयात दाखल-क्रमांक मिळतो. एका वाचनालयाला मी तीन हस्तलिखिते देऊ केली, तेव्हा नोंदवहीतल्या 'किंमत' आणि 'प्रकाशक' या रकान्यांत काय लिहायचे यावर अडले आणि ती परत आली. त्या रकान्यांत 'नाही' असे लिहिता येते. एवढा ठराव कुठल्याही संचालक मंडळाला एका बैठकीत करता येईल.

ज्यांच्या घरी असे काही आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. भाताच्या शिताने किंवा मैद्याच्या खळीने चिकटवलेल्या पानांना कसर लागते. जुने पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालत ते यासाठीच. सेलोटेपने डागडुजी करू नये, ती पिवळी पडून जाते आणि डाग मागे ठेवते. वर्तमानपत्राचा तुकडा शेजारच्या पानाला आपला तांबूसपणा देतो, म्हणून मध्ये पातळ कोरा कागद घालावा. कोष आणि तणस दाबले की चुरतात; अशी कार्डे उभी न रचता खोक्यात आडवी ठेवावीत, पाकिटासकट. मातीच्या त्या पानातून मात्र दर वेळी उघडताना थोडी माती गळते. मुलगी खाली एक कागद पसरते, पडलेली माती त्यात गोळा करते, पुडी बांधते आणि तारीख घालून पानाच्या मागे ठेवते. मी पाहिले तेव्हा अशा चार पुड्या झाल्या होत्या.